तीन पुड्या साखर

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला, संतोषला नाही, आईला नाही. देवापुढे पण नाही — देवापुढे बसले की मी पटकन लेकीच्या, ओवीच्या तब्येतीचं काहीतरी मागते आणि उठते, म्हणजे त्याने मला उलटं काही विचारायला नको. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. की ओळखता? अबुधाबीत मराठी माणूस फिरून फिरून समोर येतोच. म्हणून माझं नाव नाही लिहीत. बघा, सुरुवातच अशी — लपून.

आज रविवार आहे, संतोषला गॅरेजची सुट्टी, तो झोपलाय. ओवी कार्टून बघतेय. मी बाल्कनीत कपड्यांच्या स्टॅन्डमागे बसून फोनवर टाइप करतेय, आणि दार वाजलं की फोन पालथा ठेवतेय. उद्या सोमवार. उद्या नवीन मुलं येणार, सकाळी नऊला. आणि मला परत ते सांगावं लागणार.

थांबा, मी नीट सांगते. मला नीट सांगता येत नाही, मी अकरावी पण पूर्ण केली नाही, लग्न ठरलं आणि कॉलेज सुटलं. कराडजवळचं आमचं गाव, तिथून डायरेक्ट इथे. मोहम्मद बिन झायद सिटीत एका व्हिलात आम्हाला एक खोली, किचन दोन फॅमिलीत मिळून. दुसऱ्या फॅमिलीतली केरळची चेची, त्यांच्यात ताईला चेची म्हणतात. ओवी वर्षाची होती तेव्हा चेचीनेच मला तो मेसेज दाखवला — म्युझियममध्ये ट्रेनिंग, अठरा ते चोवीस वयाच्या मुलामुलींसाठी, कुठल्याही देशाची चालतील, डिग्री नको. सहा महिने शिकवणार, थोडे पैसे पण देणार, आणि शेवटी दोघांना नोकरी. मी तेव्हा एकवीसची. चेची म्हणाली, "तू जा मोळे, कुट्टीला मी बघते." मोळे म्हणजे पोरी, कुट्टी म्हणजे बाळ, एवढं मल्याळम मला तिनेच शिकवलं.

संतोष हसला. म्हणाला, "म्युझियममध्ये तू काय करणार, फडकं मारणार?" तसं वाईट मनाने नाही हं. पण मी गेले.

आणि मला आवडलं हो. खरं सांगते, इतकं मला कधी काहीच आवडलं नव्हतं. वस्तू कशी उचलायची, दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन — मी मनात म्हटलं, हे तर मला येतं, तान्हं बाळ असंच उचलतात. मॅडम म्हणाल्या पण, "यू हॅव गुड हॅन्ड्स." आमच्या मॅडम लेबनानच्या, इंग्लिश बोलायच्या, आमच्याशी मोडकं हिंदी. गुड हॅन्ड्स. मी घरी येऊन हाताकडे बघत बसले होते. कांदा चिरून चिरून काळी पडलेली बोटं.

आम्ही सहा जण होतो. त्यात ऋतुजा.

तिचं नाव लिहिलं आणि हात थांबला बघा.

ऋतुजा इथेच जन्मलेली, रीम आयलंडवर राहायची, त्या उंच टॉवरमध्ये कुठेतरी एकतिसाव्या मजल्यावर. तिच्या बाबांचा केटरिंगचा धंदा. वीस वर्षांची, पण इंग्लिश असं की मॅडमपण तिला शब्द विचारायच्या. मराठी कळायचं तिला, बोलताना अर्धं इंग्लिश. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "तू मराठी? ओह थँक गॉड. मी तुला ताई म्हणू?" माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान, आणि शिकलेली, आणि मला ताई. तिने मला कार्डं बनवून दिली होती — एका बाजूला इंग्लिश शब्द, मागे मराठी. क्रॅक म्हणजे तडा. डेन्ट म्हणजे पोचा. स्टेन म्हणजे डाग. कारण आम्हाला प्रत्येक वस्तूचा रिपोर्ट लिहायचा असायचा, आली तेव्हा कशी होती आणि जाताना कशी आहे. मी बसमध्ये ती कार्डं पाठ करायचे. अजून आहेत माझ्याकडे. टाकायला गेले की टाकवत नाहीत, ठेवली तर बघवत नाहीत.

तिला पुढे बाहेरच्या युनिव्हर्सिटीत जायचं होतं, जुन्या वस्तू दुरुस्त करायचं शिक्षण असतं ते. लहानपणापासून हेच एक. त्यासाठी मॅडमचं शिफारसपत्र पाहिजे होतं. मला नोकरी पाहिजे होती. म्हणजे आमच्यात भांडायचं काहीच नव्हतं, कळतंय ना? ती जाणार, मी राहणार. दोघींचंही झालं असतं.

आमचं प्रदर्शन होतं घराघरातल्या वस्तूंचं. लोकांनी आपापल्या घरून दिलेल्या, तीन महिने ठेवायच्या आणि परत द्यायच्या. त्यात एक पितळेची कॉफीची किटली होती, ती चोच असते ना लांब, पक्ष्यासारखी, तशी. बाहेरून चुलीच्या धुराने काळीकुट्ट, आत तपकिरी थर. उम्म सालेमची. सालेमची आई म्हणून उम्म सालेम, सगळे तसंच म्हणायचे. सत्तरीच्या पुढची बाई, पण हिंदी फक्कड, जुन्या काळी त्यांचा सगळा बाजारच हिंदी बोलायचा म्हणे. उद्घाटनाला मी ओवीला घेऊन गेले होते, चेचीला ताप होता म्हणून. मी घाबरलेली, मूल आणलं म्हणून आता ओरडतील. उम्म सालेमने ओवीला सरळ मांडीवर घेतलं, खजूर भरवला, मला म्हणाली, "डरती क्यों है बेटी? बच्चा है, बम नहीं है." सगळे हसले. माझ्या डोळ्यात पाणी आलं. इथे येऊन दोन वर्षांत मला कुणी बेटी म्हटलं नव्हतं.

म्हणून मी केलं. नाही — म्हणून असं नाही लिहायचं. केलं, एवढंच.

प्रदर्शन संपलं. वस्तू परत पाठवायच्या. नियम असा की दोघींनी मिळून पॅक करायचं — एकीने गुंडाळायचं, दुसरीने आधीचा फोटो आणि वस्तू शेजारी ठेवून बघायचं आणि मग कागदावर सही. किटली आमच्या दोघींकडे आली. त्या दिवशी दुपारी तीनला ऋतुजाचा त्या युनिव्हर्सिटीचा व्हिडिओवर इंटरव्ह्यू. ती सारखी घड्याळ बघत होती, घामेजलेली. मीच म्हटलं, "अगं तू जा, मी आहे ना. सही करून जा, बाकी मी बघते." ती म्हणाली, "शुअर ना ताई?" मी म्हटलं, "यल्ला, जा आता." तिने सही केली, माझ्या गळ्यात पडली आणि पळाली.

मग मी एकटी आणि ती किटली.

तिच्याखालची पाटी मीच काढली होती सकाळी. इंग्लिश आणि अरबी, चार ओळी. तीन महिने त्या पाटीवरची धूळ मी पुसली. वाचली नव्हती. मला वाचता येतं हो, हळूहळू येतं, पण कोण वाचत बसतं. शब्द मोठे होते. काढली आणि डब्यात टाकली.

आणि आता ती किटली नुसती टेबलावर. काच नाही, लाइट नाही, पाटी नाही. काळी. मला एवढंच दिसलं की हे कुणाच्या तरी घरचं भांडं आहे, आपण वापरायला आणलं होतं, आणि आता असं परत देणार? तुम्हीच सांगा, तुमच्या आईने कधी शेजारणीचं भांडं न घासता परत दिलंय? माझ्या आईने तर आमच्याकडे तूपसुद्धा नसायचं त्या दिवसांत पण दुसऱ्याचं भांडं चिंच लावून लखलखीत करून, आणि रिकामं कधी नाही — काही नसलं तर चिमूटभर साखर. रिकामं भांडं परत करू नये. हे मला कुणी शिकवलं नाही, हे असतंच.

नियम मला माहीत होता. पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं, काही साफ करायचं नाही, कधीच नाही, विचारल्याशिवाय बोटसुद्धा नाही. पण मला वाटलं तो नियम म्युझियमच्या वस्तूंचा. ही तर आता घरी चालली. चालली म्हणजे परत भांडंच झाली ना ती?

पॅन्ट्रीत चहासाठी लिंबं असतात. आणि मीठ. लिंबाची साल मिठात बुडवून मी घासली. आधी बाहेरून, मग आत बोट जाईल तेवढं, मग टिश्यूचा बोळा चमच्याला गुंडाळून तळापर्यंत. काळं पाणी सिंकमधून चाललंय आणि मी गुणगुणतेय. गुणगुणत होते मी. खालून पितळ निघालं, असं पिवळंधमक, की मला वाटलं उम्म सालेम माझा मुका घेईल. कोरडी पुसली. मग चहाच्या साखरेच्या त्या कागदी पुड्या असतात, तीन फोडल्या, आत घातल्या. गुंडाळली, खोक्यात घातली, टेप लावली.

दोन दिवसांनी मॅडम मला म्हणाल्या, चल माझ्याबरोबर, द्यायला जाऊ, तुझी तिची ओळख आहे. ऋतुजा नव्हती. मी ड्रेस पण चांगला घातला होता.

उम्म सालेमच्या बैठकीत आम्ही बसलो, गहवा म्हणजे त्यांची कॉफी आली, खजूर आला. तिने खोकं स्वतः उघडलं. कागद सोडवला. मी हसत बसलेली. तिने किटली वर धरली, झाकण उघडलं, नाक आत घातलं. बराच वेळ. मग परत वास घेतला. मग मांडीवर ठेवली आणि मॅडमना नाही, मला म्हणाली, का तर मला हिंदी कळतं —

"बेटी, इसमें वो था."

मला कळलंच नाही. कोण होता? मॅडमचा चेहरा पांढरा झालेला. मग मॅडम हळू आवाजात मला इंग्लिशमध्ये म्हणाल्या, आणि ते मात्र मला सगळं कळलं, सोपे शब्द होते. तिच्या नवऱ्याने शेवटची कॉफी यात केली होती. वाळवंटात, लाकडं पेटवून. दुसऱ्या दिवशी तो गेला. तिने ती किटली अकरा वर्षं धुतली नव्हती. पाटीवर तेच लिहिलं होतं.

पाटीवर तेच लिहिलं होतं.

उम्म सालेमने किटली कलती केली तर साखर वाजली आत. तिने बोटाने काढून बघितली. "शक्कर? शक्कर क्यों?" मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्हारे में कुछ होता है? इंडिया में? शुगर डालना?"

आता बोलायचं होतं. तेव्हाच. अजून काय पाहिजे होतं? प्रश्नच तो विचारला होता, माझ्या हिंदीत, माझ्यासमोर. मी म्हटलं असतं, हो, मी केलं, आमच्यात रिकामं देत नाहीत — ती म्हातारी कदाचित रडली असती, कदाचित मला मारलं असतं. माझ्या डोळ्यासमोर काय आलं सांगू? संतोषच्या गॅरेजचा मालक मुसफ्फामधलं अर्धं दुकान बंद करणार होता. पगार कमी झाला असता तर फॅमिली व्हिसा गेला असता, मी आणि ओवी परत सासरी, आणि संतोष इथे बेड स्पेसवर, म्हणजे परक्यांच्या खोलीत एक खाट भाड्याने. नोकरी लागली तर माझा स्वतःचा व्हिसा. हे सगळं एका श्वासात डोक्यात फिरलं. पण तो हिशोब तुमच्यापुढे मांडून मी सुटत नाहीये. ऋतुजाची सही त्या कागदावर आहे, हेपण त्याच श्वासात आलं होतं.

मी म्हटलं, "नही मॅडम. हमारे में ऐसा कुछ नही होता."

आईचं तोंड आलं डोळ्यासमोर. आईला नाही म्हटलं मी.

गाडीत मॅडमनी कागद काढला. सही बघितली. "ऋतुजा चेक्ड इट," म्हणाल्या. साखर, लिंबू दोन्ही पॅन्ट्रीतच असतं, ते त्यांनाही कळलं असणार. मग विचारलं, "वो पॅन्ट्री में गई थी?"

मी म्हटलं, "गई होगी."

दोन शब्द. गई होगी. खोटं पण धड नाही बोलले. चोरटं.

दुसऱ्या दिवशी ऋतुजाला बोलावलं. मला पण बसवलं होतं. मॅडमनी फोटो दाखवला, उम्म सालेमच्या बैठकीत काढलेला, झाकण उघडं. ऋतुजा फोटोकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे. रागाने नाही. वाट बघत. मी बोलेन म्हणून वाट बघत होती ती. मी समोर हातमोज्यांचा खोका होता त्याच्यावरची अक्षरं वाचत होते — मिडियम, शंभर नग. तेव्हा बरं वाचता आलं मला.

शेवटी ती म्हणाली, "मी न बघता सही केली. दॅट्स ऑन मी." बस. ताईने सांगितलं म्हणून केली असं तिने म्हटलं नाही. एकदाही नाही. मॅडम म्हणाल्या, आणि साफ कुणी केली? ती म्हणाली, "आय डोन्ट नो." साखरेचं विचारलं तर तिला खरंच काही कळलं नाही, इथली पोर, तिच्या घरी शेजारी काय देतात, मॉलमधला केक.

तिला ट्रेनिंगमधून काढलं. पत्र नाही मिळालं. त्या वर्षीची ॲडमिशन गेली तिची, आणि पुढच्या वर्षी तिने भरलाच नाही म्हणे फॉर्म. आता दुबईत बँकेत आहे असं कुणीतरी सांगितलं.

त्याच संध्याकाळी मला तिचा व्हॉट्सॲप आला होता. शब्द एक पण नाही. फोटो. त्यांच्या किचनचा ओटा, एक स्टीलचा डबा, आणि डब्याच्या तळाला चमचाभर साखर. तिने आईला विचारलं असणार. आईने करून दाखवलं असणार.

मी बघितलं. निळ्या खुणा पडल्या. मी उत्तर दिलं नाही. तिने मॅडमना तो फोटो पाठवला असता तर संपलं होतं माझं. तिने नाही पाठवला. चार वर्षं मी रोज वाट बघतेय, मॅडमचा फोन वाजला की वाटतं आला. तो फोटो अजून आहे, तिच्या फोनमध्ये, माझ्या फोनमध्ये.

नोकरी मला लागली. व्हिसा झाला. ओवी आता साडेपाच वर्षांची, शाळेत जाते. मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर. परवा चेचीने पायसम दिलं होतं, मी डबा धुऊन ओवीच्या हातात दिला, दे जा. चेचीने दारातच उघडला आणि हसून म्हणाली, तुझी मम्मी आधी नेहमी काहीतरी घालून द्यायची, आता विसरते. ओवी आत येऊन मला विचारते, "मम्मा, व्हाय डोन्ट यू पुट समथिंग?" मी म्हटलं, जा होमवर्क कर. चार वर्षं मी सगळ्यांची भांडी रिकामी परत करते. हात जातच नाही साखरेकडे.

आणि किटली? उम्म सालेमने ती ठेवून घेतली नाही. म्युझियमलाच देऊन टाकली. म्हणाली, आता हे नुसतं भांडं आहे, तुम्हीच ठेवा. ती आमच्याकडे काचेत आहे. काच मी पुसते.

एवढंच असतं तरी मी कदाचित सांगितलं नसतं. गप्प बसण्याची सवय होते माणसाला. पण अजून एक आहे. मी मघापासून त्याच्याभोवतीच फिरतेय.

दर वर्षी नवीन मुलं येतात आणि साफ करायचं नाही हे शिकवताना मॅडम म्हणतात, ते उदाहरण तू दे, तू तिथे होतीस. स्लाइड बनवलीये त्यांनी. आधीचा फोटो काळा, नंतरचा चकचकीत. मी उभी राहते आणि सांगते, एक ट्रेनी होती, तिने न विचारता घासली. आता मला इंग्लिशमध्ये पण सांगता येतं, पाठ झालंय. सांगताना आवाज पण हलत नाही. मुलं ऐकतात, कुणी 'ओ नो' म्हणतं. माझं चांगलं शिकवणं आहे असं मॅडम म्हणतात.

मागच्या वर्षी एका मुलीने हात वर केला. सुदानची होती, डोळे मोठे. विचारलं, त्या ट्रेनीचं नाव काय होतं? असंच विचारलं, उगाच. मी म्हणू शकले असते, आठवत नाही. म्हणू शकले असते, नाव सांगत नसतो आपण. कुणी मला धरलं नव्हतं. मॅडम खोलीत पण नव्हत्या.

मी म्हटलं, ऋतुजा. आणि आडनाव सांगितलं. आणि ती मुलगी वहीत लिहून घ्यायला लागली तर मी तिला स्पेलिंग पण सांगितलं.

उद्या नऊ वाजता परत तीच स्लाइड. दुसऱ्या फोटोत झाकण उघडं आहे. मोठा करून बघितला तर तळाला साखर दिसते, जिचं नाव मी मुलांपुढे कधी काढत नाही. अजून कुणी मोठा करून बघितलेला नाही.